नालबंदाचें देणें

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशीं आमच्या पुतण्याच्या घरीं एक लहानसा वाद झाला. पुतण्या पुण्याबाहेर मळ्यावर तीन घोडे बाळगून आहे. सकाळ-संध्याकाळ तो मुलांना घोड्यावर बसावयास शिकवितो. दसऱ्याला घोडे धुवून, हार घालून त्यांची पूजा होते; मोतद्दारांना कपडे व मिठाई मिळते. या वेळीं सूनबाईंनीं विचारलें, "आणि नालबंदाला काय द्यायचं?" पुतण्या म्हणाला, "त्याला कशाला? तो आपला नोकर नाही. येतो, नाल मारतो, पैसे घेतो, जातो. हिशेब तिथंच संपतो." सूनबाईंना हें पटलें नाहीं, आणि दोघेंहि "अण्णाकाका, तुम्हीच सांगा" म्हणून आमच्याकडे वळलीं. पस्तीस वर्षें वर्गांतील भांडणें मिटविलेल्या मनुष्याला हा प्रश्न अवघड वाटावयास नको होता. पण आम्हीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. त्याचें कारण आमच्याच घरांतलें आहे, आणि तें पुढें येईल.

नाल हा शब्द ऐकून संस्कृत शिकलेल्याच्या मनांत प्रथम कमळाचा देंठ येतो, आणि मग घोड्यांची विद्या जाणणारा दमयंतीचा नळ. दोहोंशींहि या नालाचा संबंध नाहीं. हा शब्द अरबी असून त्याचा अर्थ पायतण असा आहे. 'बंद' हा फारसी, म्हणजे बांधणारा. मराठेशाहींत 'नालबंदी' या शब्दास आणखीहि एक अर्थ होता. मोहिमेवर निघण्यापूर्वीं शिलेदारांना घोडा व सरंजाम तयार करण्यासाठीं जी आगाऊ रक्कम देत, तिला नालबंदी म्हणत. लक्षावधि रुपयांच्या देण्याला या कारागिराचें नांव मिळालें; त्याच्या स्वतःच्या पदरांत त्यांतले किती पडत, हें त्या नांवावरून कांहीं कळत नाहीं. गांवगाड्यांतहि तो कडेलाच राहिला. बारा बलुत्यांच्या प्रचलित यादींत लोहार आहे, सुतार आहे, नालबंद नाहीं. खळ्यावर त्याचा हक्काचा वांटा नसे. त्याचें सारें रोखीचें; आणि रोखीचा मनुष्य दाराबाहेर गेला कीं आपल्याला त्याचा विसर पडतो.

आतां त्याचें काम काय असतें तें थोडें पाहूं, कारण आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं नाल पाहिला असेल तो एखाद्या दाराच्या चौकटीवर ठोकलेला. घोड्याचा खूर आपल्या नखांसारखा वाढतो. महिन्यास सुमारें पाऊण ते एक सेंटिमीटर. अंगावर नाल असला म्हणजे तो झिजत नाहीं, नुसता लांबत जातो, आणि घोड्याचा पाय टांचेवर कलूं लागतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनीं जुना नाल काढून, खूर तासून, कानशीनें सारखा करून नाल पुन्हा बसवावा लागतो. लोखंड झिजलेलें नसलें तरीहि. "नाल अजून चांगला आहे, महिनाभर चालेल" असें म्हणणारा मालक नालाचे पैसे वांचवितो आणि पायाचें नुकसान करतो.

खरें कौशल्य खिळ्यांत आहे. खुराची बाहेरची भिंत निर्जीव असते. आंतला भाग रक्तवाहिन्यांनीं व मज्जातंतूंनीं भरलेला असतो. तळव्याकडून पाहिलें म्हणजे भिंतीच्या आंतल्या कडेस एक पांढुरकी रेघ दिसते. खिळा तिच्या बाहेरूनच गेला पाहिजे. आणि ती भिंत पुढच्या टोंकाशीं बोटाच्या रुंदीहूनहि कमी जाड, टांचेकडे तर आणखीच पातळ. खिळ्याच्या टोंकाला एका बाजूनें उतार दिलेला असतो. त्यामुळें तो आंत शिरतांना बाहेरच्या बाजूस वळतो आणि खुराच्या भिंतींतून वर निघतो. मग त्याचें टोंक तोडून, मुरडून बसवितात. एका नालास सहा ते आठ खिळे, म्हणजे चार पायांचे पंचवीस-तीस झाले. हे ठोकीत असतां नालबंदाचें लक्ष कानांतहि असतें. टणक भागांतून जाणाऱ्या खिळ्याचा ठोका खणखणीत येतो, मऊ जागीं तो बोथट होतो. बोथट झाला कीं हात थांबला पाहिजे. न थांबला तर घोडा तेव्हांच पाय ओढतो, किंवा त्या वेळीं कांहीं न कळतां चार दिवसांनीं आंत पू धरून लंगडूं लागतो. हें सर्व कसें करावयाचें, तर कमरेंत वांकून, चारशें किलोच्या जनावराचा पाय आपल्या मांड्यांमध्यें धरून. आणि त्या जनावराला माशी चावली तरी धक्का याच्या पाठीला बसावयाचा.

इंग्लंडांत या धंद्याचें महत्त्व लवकर ओळखलें गेलें. लंडनच्या नालबंदांची संघटना १३५६ सालची. तिला राजाची सनद १६७४ सालीं मिळाली. १९७५ च्या कायद्यानें तर नोंदणी झालेल्या नालबंदावांचून कोणास नाल मारण्याची मुभा राहिली नाहीं. मालकालाहि स्वतःच्या घोड्यास हौसेनें नाल ठोकतां येत नाहीं. आमच्याकडे असें बंधन नाहीं. बापाचा हात पाहून मुलगा शिकतो. टांगे गेले. मुंबईच्या व्हिक्टोरिया २०१५ सालीं उच्च न्यायालयानें बेकायदेशीर ठरविल्या. उरले ते शर्यतींचे घोडे, आमच्या पुतण्यासारख्यांचे थोडे, आणि मोटारींना बंदी असल्यामुळें माथेरानसारख्या ठिकाणचे. पुष्कळ नालबंद आज उसाच्या हंगामांत गाडीच्या बैलांना पत्र्या मारून पोट भरतात. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायास दोन पत्र्या लागतात. आणि बैल उभा राहून पाय देत नाहीं, त्याला दोरांनीं आडवा पाडावा लागतो. ही कला कोणी पुढें शिकेल कीं नाहीं, हें मजुरीइतकेंच मानावरहि अवलंबून आहे.

आतां आमच्या घरची गोष्ट.

१९६९ सालीं आम्ही नऊ-दहा वर्षांचे होतों. आमचे थोरले काका तालुक्याच्या गांवीं वकिली करीत व त्यांचा स्वतःचा टांगा होता. दर दीड-दोन महिन्यांनीं, रविवारीं सकाळीं नालबंद येई. आम्ही मुलें त्याला चाचा म्हणत असूं. तो येण्यापूर्वीं तबेल्याच्या कोनाड्यांतून एक कान तुटलेला कप काढून धुवून ठेवावयाचा, हें काम आमच्याकडे होतें. तो कप घरांत कधीं येत नसे. काम झालें कीं काकू वरून त्यांत चहा ओतीत. चाचा तो पिऊन, कप स्वतः धुवून पुन्हा कोनाड्यांत ठेवी. यांत कांहीं वावगें आहे असें आमच्या बालबुद्धीला वाटलें नाहीं. काका पैसे देत, पण कांहीं ना कांहीं कारण काढून त्यांतून आठ आणे, रुपया कापीत. ती त्यांची हौसच होती म्हणाना.

एकदां नाल मारल्यानंतर तिसऱ्या दिवशीं घोडा पुढच्या उजव्या पायानें लंगडूं लागला. काकांनीं चाचाला बाजारांतून बोलावून आणविलें, आणि चार पक्षकारांसमोर, "खिळा आंत मारलास. धंदा येत नसेल तर सोडून दे," असें सुनावलें. चाचा म्हणाला, "साहेब, खिळा काढून दाखवतो. ओला निघाला तर माझे हात तोडा." काकांनीं त्याला पायाला हात लावूं दिला नाहीं, त्या खेपेची मजुरीहि ठेवून घेतली. वकिलांच्या ओटीवरचें बोलणें बाजारांत जावयास किती वेळ? दोन टांगेवाल्यांनीं चाचाकडे जाणें सोडलें.

दोन दिवसांनीं सरकारी पशुवैद्य आले. त्यांनीं खूर साफ करून पाहिला, तों तळव्याच्या मधोमध जो मऊ भाग असतो, ज्याला पुतळी म्हणतात, तींत बाभळीचा कांटा मोडून बसलेला. खिळे सर्व जागच्या जागीं आणि कोरडे.

काकांनीं मजुरी पाकिटांत घालून आमच्या हातीं चाचाकडे पाठविली. एक पैसाहि कापला नव्हता; वर दोन रुपये अधिक होते. निरोप मात्र कांहीं नव्हता. चाचानें पैसे मोजले, दोन रुपये आमच्या मुठींत परत ठेवले, आणि विचारलें, "साहेब काही बोलले?" आम्ही गप्प राहिलों. "बरं," इतकेंच तो म्हणाला.

पुढच्या खेपेस तो ठरल्या दिवशीं आला, कारण घोड्याच्या पायाची मुदत भरली होती. त्या दिवशीं काकूंनीं कोणास न विचारतां घरांतल्या चांगल्या कपबशींतून चहा आणून त्याच्यापुढें ठेवला. चाचानें एकवार त्यांच्याकडे पाहिलें, चहा घेतला, कपबशी नळावर धुतली आणि पायरीवर उपडी घातली. संध्याकाळपर्यंत ती तेथेंच होती. मग आजीनें आम्हांस सांगितलें, "ती आता कोनाड्यात ठेव." आम्हीं ठेवली. तुटक्या कपाशेजारीं ती आमच्या मॅट्रिकच्या वर्षापर्यंत तशीच होती.

पुतण्यास आम्हीं लगेच उत्तर कां दिलें नाहीं, तें आतां ध्यानांत येईल. "हिशेब तिथंच संपतो" हें वाक्य आम्हीं पूर्वीं ऐकलें होतें. नंतर आम्हीं त्याला सांगितलें तें असें. मजुरी ही मजुरी. ती त्याच दिवशीं आणि न कापतां द्यावी. वर्षाकांठीं मिठाई, कापड, कांहीं रोख अवश्य द्यावें. पुष्कळ नालबंद मुसलमान आहेत, तेव्हां तें आपल्या दसऱ्याबरोबर त्यांच्या ईदलाहि पोंचावें. पण थकलेल्या मजुरीवर दिलेली देणगी म्हणजे उपकाराचें सोंग. घोडा लंगडला तर पशुवैद्यानें पाहिल्यावांचून नालबंदास बोल लावूं नये. आणि चांगला चालला तर तें त्याला आवर्जून कळवावें, कारण त्याला बोलावणें येतें तें बहुधा तक्रारीचेंच. नलोपाख्यानांत ऋतुपर्ण राजा सारथी झालेल्या बाहुकाची अश्वविद्या पाहून थक्क होतो, तेव्हां तो गळ्यांतला कंठा काढून देत नाहीं. तो आपली अक्षविद्या त्याला देतो, आणि मोबदल्याची अश्वविद्या त्याच्यापाशींच ठेव म्हणून राहूं देतो. कारागिराला कारागीर म्हणून वागविण्याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. पुतण्या हंसून म्हणाला, "काका, माझ्याकडे अक्षविद्या नाही." सूनबाई म्हणाल्या, "मग त्यालाच विचारू या की."

तसें विचारलें. हा नालबंद तिशींतला, हंसतमुख. आम्ही शाळामास्तर होतों हें कळल्यावर आम्हांस गुरुजी म्हणूं लागला होता. प्रश्न ऐकून तो प्रथम लाजला. मग म्हणाला, "गुरुजी, मिठाई द्या, नको कोण म्हणतो? पण ती नवी शिंगी आहे ना, ती पाय देत नाही. गेल्या वेळेला तिच्यापायी आठ दिवस कंबर धरून बसलो. तिला पाय द्यायला शिकवा. आणि इथं जरा सपाट जागा आणि डोक्यावर सावली करा. मला दुसरं काही नको."

मळ्यावर आतां बारा फुटांची एक फरसबंद जागा झाली आहे व तिच्यावर पत्रा आहे. सूनबाई रोज संध्याकाळीं शिंगीचा एकेक पाय उचलून, मिनिटभर धरून, कानस लावल्यासारखें करून खालीं ठेवतात. मागच्या खेपेस तिचे चारी पाय तासाभरांत झाले. काम आटोपल्यावर नालबंद आमच्या शेजारीं खुर्चीवर बसला आणि सूनबाईंनीं सर्वांना चहा दिला. कप सारे एकाच जातीचे होते. पिऊन झाल्यावर तो आपला कप घेऊन नळाकडे निघाला, तेव्हां आम्हीं उठून तो त्याच्या हातांतून घेतला. त्याला त्याचें थोडें आश्चर्य वाटलेलें दिसलें.