विजेचें वाद्य आणि लोकमान्यता

सन १९८२ मध्यें मुंबईंत एक तबकडी निघाली, आणि ती फारशी कोणीं ऐकिली नाहीं. तिच्यावर भैरव, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस वगैरे दहा राग होते. परंतु सतार नव्हती, सारंगी नव्हती, तबलाही नव्हता. होतीं तीं केवळ विजेवर चालणारीं तीन जपानी यंत्रें. वाजविणारे चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतील एक कसबी वादक. त्या वेळीं चित्रपटसंगीतांत 'डिस्को' नांवाच्या पाश्चात्य नृत्यसंगीताची लाट आली होती. तोच ठेका धरून त्यावर राग मांडून पाहावे, असें त्यांच्या मनानें घेतलें.

ह्या यंत्रांपैकीं टीबी-३०३ ह्याची कथा आमच्या विद्यार्थिवाचकांस सांगण्याजोगी आहे. एकट्या गिटारवादकास खर्जाच्या स्वरांची साथ मिळावी, एवढ्याच हेतूनें रोलँड कंपनीनें हें लहानसें यंत्र काढिलें. वादकानें सोळा घरांत सोळा स्वर आगाऊ भरून ठेवावयाचे, आणि कळ दाबतांच यंत्रानें ते फिरून फिरून वाजवावयाचे. त्यांत सोय अशी कीं, एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारतां घसरत जातां येतें. आपल्या गायनांत जिला मींड म्हणतात, तिचें हें यंत्रांतील रूप होय. आपल्या परिचयाच्या पेटीस हें साधत नाहीं. तिच्या पट्ट्या सुट्या, तसे स्वरही सुटे. मुख्यतः ह्याच उणिवेपायीं ऑल इंडिया रेडिओनें १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीस आपलें दार बंद ठेविलें होतें! तेव्हां रागांसाठीं सिंगांनीं हें यंत्र हातीं घेतलें, त्यांत लहर कमी व जाणकारी अधिक होती, असें आम्हांस वाटतें.

गिटारवाल्यांस मात्र तें रुचलें नाहीं. आवाज खऱ्या वाद्यासारखा येईना, आणि स्वर भरण्याची रीत किचकट. सुमारें दहा हजार नग काढून १९८४ मध्यें कंपनीनें तें बंद केलें, व उरलेले नग जुन्या बाजारांत पडेल त्या किंमतीस जाऊं लागले.

अमेरिकेंतील शिकागो शहरीं कांहीं तरुणांनीं तें असेंच स्वस्तांत उचललें. तेथें कृष्णवर्णीय तरुणांचें एक आडवाटेचें नृत्यसंगीत मोठ्या कंपन्यांच्या कृपेवांचून वाढत होतें. 'वेअरहाऊस' नांवाच्या नृत्यगृहांत फ्रँकी नकल्स तबकड्या लावीत. त्यावरूनच ह्या संगीतास 'हाऊस' हें नांव पडलें असें मानतात. 'फ्यूचर' नामक त्रयीनें टीबी-३०३ च्या खुंट्या स्वर चालू असतांच पिळून पाहिल्या, तों खर्ज किंचाळूं लागला, कण्हूं लागला. त्यांची 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी १९८७ मध्यें निघाली, व तिच्यापासून 'ॲसिड हाऊस' हा पंथ चालला. पुढील वर्षीं तो इंग्लंडांत पसरला. ओसाड गोदामांत, माळरानांवर हजारोंचे नृत्यमेळे भरूं लागले. सरकारनें त्यांची दखल घेतली ती अशी: १९९४ च्या कायद्यानें पोलिसांस असे मेळे मोडण्याचा अधिकार दिला, आणि एकसारखे ठोके फिरून फिरून येणाऱ्या संगीताची त्यांत व्याख्या घातली. ज्यास पुष्कळ लोक संगीत म्हणावयासही तयार नव्हते, त्याची व्याख्या पार्लमेंटानें करावी, हाही एक मानच म्हणावयाचा! उलटपक्षीं, ह्याच कुळांतील टेक्नो संगीत डेट्रॉइट शहरीं जन्मून बर्लिन येथें रुजलें, आणि बर्लिनच्या त्या परंपरेस २०२४ मध्यें जर्मनीनें आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. राजमान्यतेचें वारें तीस वर्षांत असें फिरलें.

आतां मुंबईच्या तबकडीकडे वळूं. ती एका डच संग्राहकाच्या हातीं लागली, व २०१० मध्यें तिची नवी आवृत्ति निघाली. युरोपांतील श्रोते चकित झाले. शिकागोच्या पांच वर्षें आधीं तेंच यंत्र, तोच घसरता खर्ज! अनेकांनीं चरणजित सिंगांस ॲसिड हाऊसचे जनक ठरविलें. उतारवयांत त्यांस युरोपांत वाजविण्याचीं निमंत्रणें आलीं. २०१५ मध्यें ते मुंबईंत वारले.

उशिरां कां होईना, त्यांस मान मिळाला ह्याचा आम्हांस आनंद आहे. परंतु ती पदवी आम्हांस पटत नाहीं. शिकागोच्या तरुणांनीं ही तबकडी ऐकिली होती असें कोणींही दाखविलेलें नाहीं; त्यांनीं आपला मार्ग आपणच शोधिला, व जनकत्व दुसऱ्यास देणें हा त्यांच्यावर अन्याय होय. सिंगांवरही तो अन्यायच, कारण त्यांच्यापुढील प्रश्न निराळा होता: ठेका न थांबतां धांवत असतां रागाचें रूप राखतां येईल काय? त्यांचा भैरव भैरवासारखा उभा राहिला कीं नाहीं, हें न पाहतां केवळ सनांची तुलना करून त्यांस मोठें ठरविणें म्हणजे, गवयाचें गाणें सोडून त्याच्या तंबोऱ्याची तारीफ करण्यासारखें आहे.

ही तबकडी आतां सहज ऐकावयास मिळते. विद्यार्थ्यांनीं प्रथम भैरवच लावावा, आणि कोमल ऋषभ व कोमल धैवत ह्यांकडे कान द्यावा. घरीं आजोबा किंवा आत्याबाई गाणें जाणणाऱ्या असतील, तर त्यांस शेजारीं बसवावें, ठेक्याच्या धडधडीबद्दल आधींच क्षमा मागावी, आणि हा भैरव आहे कीं नाहीं, तें त्यांसच विचारावें.