दात रोवून घाट चढणारी गाडी

उटीला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, ‘तिथल्या छोट्या गाडीत बसलात का?’ उत्तर बहुधा ‘हो’ येईल. मग विचारा, ‘कुठून कुठे?’ इथे माणूस जरा आठवतो आणि म्हणतो, ‘उटी ते कुन्नूर. तासाभराचा प्रवास होता. छान होता.’

छान असतोच. पण खरा घाट कुन्नूरच्या खाली आहे आणि तो बहुतेकांचा राहून जातो. आमचाही पहिल्या खेपेला राहिला होता. आम्ही भाड्याच्या गाडीने वर गेलो. वळणावळणाच्या रस्त्यावर धाकट्याला तीनदा उलटी झाली आणि आईने डोळे मिटून घेतले, ते कुन्नूर आल्यावरच उघडले. दुसऱ्या दिवशी रेल्वेने उटी ते कुन्नूर जाऊन आलो, फोटो काढले. परतताना आई म्हणाली, ‘सगळं बघितलं गं, पण घाट काही बघितला नाही.’ तिचे गुडघे गेलेले. ट्रेकला जाणं, जंगलात चालणं आता तिच्यासाठी नाही. पुढच्या वर्षी तिला घेऊन पुन्हा गेलो ते केवळ या गाडीसाठी. तुमच्या घरात असं कुणी असेल तर पुढचं नीट वाचा.

नीलगिरी पर्वतीय रेल्वे तमिळनाडूतल्या मेट्टुपालयमहून निघते आणि ४६ किलोमीटरवरच्या उटीला, म्हणजे उदगमंडलमला पोहोचते. मेट्टुपालयम समुद्रसपाटीपासून ३२६ मीटरवर, तर उटी २,२०३ मीटरवर. वाटेत १६ बोगदे, २५० पूल आणि २०८ वळणं. वर जायला जवळजवळ पाच तास लागतात. म्हणजे ताशी दहा किलोमीटरसुद्धा नाही! रस्त्याने हेच अंतर दोनेक तासांत होतं. त्यामुळे ‘पोहोचायचं’ असेल तर या गाडीच्या वाटेला जाऊ नका.

मला मात्र ‘टॉय ट्रेन’ हा शब्द या गाडीसाठी पटत नाही. ती जे काम करते ते खेळण्याचं नाही. आपल्याला चढ कळतो तो ओळखीच्या घाटांवरून, म्हणून तीच उदाहरणं घेऊ. मुंबई-पुणे मार्गावर बोरघाटातला सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला १ मीटर असा आहे. तेवढ्यासाठी कर्जतला गाडी थांबते, मागून जादा इंजिनं लागतात आणि तोवर आपण बटाटेवडा खाऊन घेतो. माथेरानच्या गाडीला २० मीटरला १ मीटर चढावं लागतं. आणि कल्लार ते कुन्नूर? तिथे काही ठिकाणी सव्वाबारा मीटरला १ मीटर. एवढ्या चढावर साध्या रुळांवरची चाकं जागच्या जागी फिरत राहतील.

म्हणून इथे रुळांच्या मधोमध लोखंडाच्या दोन दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत. इंजिनाच्या पोटाखाली दातेरी चाकं असतात, ती या पट्ट्यांच्या दातांत अडकत अडकत फिरतात आणि गाडी वर सरकते. दोन्ही पट्ट्यांचे दात एकमेकांच्या समोर नसतात, जरा मागेपुढे असतात. एका पट्टीतला दात सुटायच्या आत दुसरीतल्या दाताने पकड घेतलेली असते. रोमन आब्ट या स्विस अभियंत्याची ही पद्धत. भारतात रोज प्रवासी नेणारी अशी दातेरी रेल्वे एवढी एकच आहे.

आता इंजिन कुठे असतं ते बघा. चढताना ते पुढे नसतं, मागे असतं आणि डबे ढकलत नेतं. उतरताना तेच पुढे असतं. म्हणजे दोन्ही वेळा उताराच्या बाजूला इंजिनच. डब्यांची साखळी तुटली तरी डबे घरंगळत जाणार नाहीत, इंजिनावर टेकून राहतील. हे सांगितल्यावर आईने लगेच विचारलं, ‘म्हणजे कर्जतला मागून लावतात तसंच की!’ तिची अर्धी हयात त्या मार्गावर गेलेली, तिला काय समजवायचं?

याचा एक फायदा प्रवाशांना मिळतो. चढताना सर्वांत पुढच्या डब्यासमोर इंजिन नसतं, नुसता रूळ आणि जंगल. प्रत्येक डब्यावर एक ब्रेकमन असतो. पुढचा ब्रेकमन रुळांवर नजर ठेवून हिरवं-लाल निशाण दाखवतो, ते बघून मागचा दाखवतो, असं करत निरोप थेट इंजिनापर्यंत पोहोचतो. मोबाइलच्या जमान्यात हे बघताना मुलं चकित होतात. आमच्या धाकट्याने तर घरी आल्यावर आठवडाभर दोन रुमाल घेऊन सगळ्यांची वाहतूक चालवली.

प्रवास सकाळी सातच्या सुमारास सुरू होतो. निळ्या-पिवळसर रंगाचे छोटे डबे, लाकडी आतली बाजू, मोठ्या खिडक्या. निघाल्यावर लगेच भवानी नदीचा पूल येतो. मग सुपारीच्या बागा, नारळ, केळी. कोकणात आलो की काय असं वाटावं. कल्लारपर्यंतचे आठ किलोमीटर गाडी सपाटीवरून बऱ्यापैकी पळते. तिथे दातेरी पट्टी सुरू होते आणि पायाखालचा आवाजच बदलतो. एक संथ, जड खडखड आणि मागून इंजिनाचे धापा टाकल्यासारखे उसासे. पुढचे वीस किलोमीटर हाच आवाज सोबत असतो आणि या वीस किलोमीटरांत गाडी जवळजवळ १,३०० मीटर वर चढते.

या वाफेच्या इंजिनांची बनावट मूळची स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुर गावची. त्यांना सिलिंडरच्या दोन जोड्या असतात. एक जोडी नेहमीची चाकं फिरवते. चढ लागला की तिथून बाहेर पडणारी वाफ वाया न घालवता दुसऱ्या जोडीत नेतात आणि ती जोडी दातेरी चाकं फिरवते. पोळ्या झाल्यावर गरम तव्यावर पापड भाजून घेण्यातलाच प्रकार! आता बऱ्याच इंजिनांत कोळशाऐवजी तेल जाळतात. जुनी इंजिनं थकल्यावर तशीच नवी इंजिनं तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात बांधली गेली.

चढणाऱ्या इंजिनाला तहान फार. त्यामुळे ते मध्ये थांबून पाणी भरतं. हिलग्रोव्ह हे त्यातलं मोठं थांबण्याचं ठिकाण. जंगलात एकटंच उभं असलेलं स्टेशन, गार वारा, गरम चहा, वडे आणि माकडं. माकडांबद्दल गंमत म्हणून लिहीत नाही. खिडकीतून हात घालून पुडा पळवतात, चिमुकल्यांच्या हातातलं तर सहज. खायचं ते पिशवीत ठेवा. डब्यात शौचालय नसतं, म्हणून ज्येष्ठांना आणि लहानग्यांना इथे उतरवून आणाच. उतरताना पायरी उंच पडते. आईला आम्ही दोघांनी धरून उतरवलं. तर ती सरळ इंजिनाकडे निघाली. पाणी भरणाऱ्या माणसाशी ती मराठीत बोलत होती, तो तमिळमध्ये. काय बोलणं झालं कोण जाणे, पण परत आली ती खुशीत.

या टप्प्यात खिडकी डावी की उजवी, यावरून भांडू नका. दरी कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला येते. बोगदा आला की अख्खी गाडी ओरडते, त्यात आजोबा-आज्यांचाही आवाज असतो. पुलावरून खाली बघितलं तर रुळांखाली थेट ओढा दिसतो. हा हत्तींचाही मुलूख आहे, ते रूळ ओलांडतात. दिसतील याची हमी नाही, पण गाडी इतकी हळू जाते की पान न् पान बघायला वेळ मिळतो. हळूहळू झाडं बदलतात, हवा बदलते, चहाचे मळे दिसू लागतात आणि कुन्नूर येतं. पिशवीतले स्वेटर इथे बाहेर निघतात.

कुन्नूरला वाफेचं इंजिन निरोप घेतं आणि डिझेलचं लागतं. पुढे दातेरी पट्टी नाही. वेलिंग्टन, अरुवनकाडू, केत्ती, लव्हडेल अशी स्टेशनं मागे टाकत गाडी जाते. केत्तीची दरी सुरेख आहे, निलगिरीची झाडं आहेत, सगळं आहे. पण खालचा टप्पा केलेल्याला इथे जरा डुलकी लागते, हे कबूल करते. लव्हडेल हे या मार्गावरचं सर्वांत उंच स्टेशन. तिथून उटीला गाडी चक्क थोडी उतरत जाते.

या रेल्वेची कल्पना पहिल्यांदा निघाली १८५४ मध्ये. प्रत्यक्षात कुन्नूरपर्यंत गाडी पोहोचली १८९९ मध्ये आणि उटीला १९०८ मध्ये. २००५ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवलं. १९९८च्या ‘दिल से’मधलं टपावरचं नाचगाणं याच गाडीवर चित्रित झालं. तरुण मंडळींना हे नक्की आठवतं, तेव्हा दारात लोंबकळून रील काढणाऱ्यांवर लक्ष ठेवा. बोगद्याच्या भिंती अगदी जवळून जातात.

आता सर्वांत महत्त्वाचं, तिकीट आणि वेळ. मेट्टुपालयमहून वर जाणारी नियमित गाडी दिवसाला एकच आणि डबे मोजके. सध्या आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळीच बसा, ‘संध्याकाळी बघू’ म्हणालात तर प्रतीक्षा यादी बघाल. थोडी अनारक्षित तिकिटं स्टेशनवर मिळतात, पण त्यासाठी पहाटेपासून रांग असते. आईवडिलांना घेऊन तो जुगार खेळू नका. चेन्नईहून रात्रीची नीलगिरी एक्स्प्रेस सकाळी मेट्टुपालयमला येते आणि समोरच ही गाडी उभी असते. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी कोइम्बतूरपर्यंत रेल्वेने किंवा विमानाने जावं, तिथून मेट्टुपालयम फार लांब नाही. आदल्या रात्री मेट्टुपालयमलाच मुक्काम करा. पहाटे कोइम्बतूरहून धावतपळत येण्यात मजा नाही.

आणि दिवाळीची सुट्टी टाळा. आपल्या डोक्यात पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर. या भागात मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये परतीच्या वाऱ्यांवर येतो. दरडी कोसळतात, रुळांवर माती येते आणि नेमकी कल्लार-कुन्नूर सेवा कित्येक दिवस बंद राहते. जानेवारी ते मार्च हा काळ मला सर्वांत बरा वाटतो. हवा मोकळी असते आणि मे महिन्यातली गर्दी नसते. चढणाऱ्या गाडीचं तिकीट मिळालंच नाही तर दुपारी उटीहून उतरणारी घ्या, साडेतीन तासांत खाली येते. पण कुन्नूरला उतरू नका, मेट्टुपालयमपर्यंत जा.

आम्ही परतताना बसने उतरलो. एका वळणावर दरीपलीकडे झाडीत एक बारीक दगडी पूल दिसला. आईने डोळे मिटले नव्हते. ‘त्या पुलावरून गेलो आपण,’ ती शेजारच्या अनोळखी बाईंना सांगत होती, ‘मागून इंजिन लावून.’