निकालपत्रकातील दशांश : सरासरी कशी काढावी आणि कशी वाढवावी

परीक्षेचा निकाल लागला की “किती टक्के पडले?” हा प्रश्न आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आला आहे. साठ टक्के म्हणजे पहिला वर्ग, पस्तीस म्हणजे कसाबसा उत्तीर्ण, हा हिशेब वडीलधाऱ्या मंडळींच्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु बेंगळुरूच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाचे निकालपत्रक आज हाती घेतले, तर डोळ्यांत भरतो तो ७.७५ असा एक लहानसा आकडा. दहापैकी पावणेआठ, म्हणजे साडेसत्त्याहत्तर टक्के झाले, असे आईवडील समजतात. मुलगा म्हणतो, तसे नव्हे. मग कसे, हे मात्र पुष्कळदा त्यालाही नीट सांगता येत नाही. पुढील शिक्षणाचा प्रवेश, शिष्यवृत्ती आणि नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे ज्या आकड्यावर अवलंबून असते, त्याचे गणित घरातील प्रत्येकास कळले पाहिजे. ते अवघडही नाही. वाण्याचे बिल ज्याला तपासता येते, त्याला हेही तपासता येईल.

ही पद्धत आली कोठून?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली निवडीवर आधारलेल्या श्रेयांक पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे देशातील विद्यापीठांपुढे ठेवली. त्याच वर्षी विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठानेही आपल्या अभ्यासक्रमांची नवी योजना त्या धर्तीवर आखली. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या ओळखीच्या बेळगावात असून बेंगळुरूतील पुष्कळ अभियांत्रिकी महाविद्यालये त्यास संलग्न आहेत. ज्यांचे नाव विद्यापीठाला दिले आहे, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून पदवीधर झाले आणि स्थापत्यशास्त्र शिकण्यासाठी पुण्यास आले. आज पुणे-कोल्हापूरकडील कितीतरी मुले उलट दिशेने बेंगळुरूस जातात आणि तेथे त्यांची या नव्या पद्धतीशी गाठ पडते.

या पद्धतीत दोन शब्द महत्त्वाचे आहेत. पहिला श्रेयांक, विद्यार्थी त्यास क्रेडिट म्हणतात. एखाद्या विषयासाठी सत्रभर आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक असेल, तर तो एक श्रेयांक होय. श्रेयांक म्हणजे त्या विषयाचे वजन. दुसरा शब्द श्रेणीगुण. आयोगाच्या तक्त्यात ‘ओ’ श्रेणीस १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५ आणि केवळ उत्तीर्ण होणाऱ्यास ४ गुण आहेत. अनुत्तीर्ण वा अनुपस्थित विद्यार्थ्यास शून्य.

प्रत्यक्ष हिशेब

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पहिल्या सत्रात एका विद्यार्थिनीला आठ विषय आहेत. गणित ४ श्रेयांकांचे असून तिला ६ श्रेणीगुण मिळाले. त्यांचा गुणाकार २४. भौतिकशास्त्र ४ श्रेयांकांचे, श्रेणीगुण ८; गुणाकार ३२. संगणकाचा विषय ३ श्रेयांकांचा, श्रेणीगुण ९, गुणाकार २७. विद्युत अभियांत्रिकी आणि आलेखन हे प्रत्येकी ३ श्रेयांकांचे, दोहोंत श्रेणीगुण ७. म्हणजे २१ आणि २१. उरले तीन विषय एकेका श्रेयांकाचे : इंग्रजी, आरोग्य आणि परभाषिकांसाठी असलेले ‘बळके कन्नड’, म्हणजे रोजच्या व्यवहारातील कन्नड. या तिन्हींत तिने १० श्रेणीगुण मिळवले; त्यांचे झाले ३०.

सर्व गुणाकारांची बेरीज १५५ आणि श्रेयांकांची बेरीज २०. १५५ ला २० ने भागले असता ७.७५ येतात. हीच त्या सत्राची श्रेणीगुण सरासरी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडी असलेली ‘एसजीपीए’. तिने नुसते आठ विषयांचे श्रेणीगुण मिळवून आठाने भागले असते, तर उत्तर ८.३८ आले असते आणि निकाल पाहिल्यावर आपल्यावर अन्याय झाला असे तिला वाटले असते. अन्याय कोणी केलेला नाही. गणिताचे वजन कन्नडच्या चौपट आहे, एवढाच त्याचा अर्थ.

सर्व सत्रांची मिळून जी सरासरी काढतात, ती एकूण सरासरी किंवा ‘सीजीपीए’. येथेही सत्रांच्या सरासऱ्यांची साधी बेरीज करून भागू नये. एका सत्रात १८ श्रेयांकांवर ८ आणि दुसऱ्यात २४ श्रेयांकांवर ७ अशी सरासरी असेल, तर उत्तर ७.५० नव्हे; १४४ आणि १६८ यांची बेरीज ३१२, तिला ४२ ने भागून ७.४३ येतात.

टक्के किती झाले, या जुन्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक संस्थेच्या नियमाप्रमाणे बदलते. विश्वेश्वरय्या विद्यापीठाच्या २०१५ च्या योजनेत सरासरीतून ०.७५ वजा करून दहाने गुणावयाचे असते. म्हणजे ७.७५ चे ७० टक्के होतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीला २०१० ते २०१७ या काळात ९.५ ने गुणण्याची रीत होती. त्या रीतीने हाच आकडा ७३.६ वर जातो. यास्तव अर्जात टक्केवारी लिहिताना आपल्या विद्यापीठाने आपल्या योजनेस लावलेले सूत्रच वापरावे. थोरल्या भावाचे सूत्र धाकट्याला लागू पडेलच असे नाही.

सरासरी वाढवावयाची तर

हिशेब कळला की वाढीचा मार्गही त्यातच दिसू लागतो. वरील उदाहरणात चार श्रेयांकांच्या गणितात एक श्रेणी वर चढली, तर सत्राची सरासरी ०.२० ने वाढते. एका श्रेयांकाच्या विषयात तेवढीच चढण चढली, तर वाढ केवळ ०.०५. सोप्या विषयात दहापैकी दहा मिळवण्याचा आनंद घ्यावा, पण रात्रीची जाग्रणे जड विषयासाठी राखून ठेवावीत. त्या विद्यार्थिनीने गणितात ६ च्या जागी ९ मिळवले असते, तर सरासरी ८.३५ झाली असती. उलट त्याच विषयात ती अनुत्तीर्ण झाली असती, तर ती ६.५५ वर घसरली असती.

दुसरी गोष्ट श्रेणीच्या उंबरठ्याची. समजा, ६० ते ६९ गुणांना एकच श्रेणी आहे. मग ६१ आणि ६९ यांत सरासरीच्या दृष्टीने काहीच भेद नाही, परंतु ६९ आणि ७० यांत एका पूर्ण श्रेणीगुणाचे अंतर पडते. हे एकदोन गुण बहुधा अंतिम परीक्षेपूर्वीच हाती येतात किंवा हातचे जातात. विश्वेश्वरय्या विद्यापीठाच्या २०२२ च्या योजनेत निम्मे गुण सत्रभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. चाचणी, स्वाध्याय, प्रयोगवही यांकडे ‘नंतर बघू’ म्हणून पाहणारा विद्यार्थी निम्मी परीक्षा न देताच गमावतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती काळाची. सध्याच्या अभियांत्रिकी पदवीला साधारणतः १६० श्रेयांक असतात. आठ सत्रांत प्रत्येकी २० धरू. एका विद्यार्थ्याची सरासरी ६.८ आहे आणि पदवीअखेर त्याला ती ७.५ वर न्यावयाची आहे. हा निश्चय त्याने पहिल्या सत्रानंतर केला, तर उरलेल्या सात सत्रांत त्यास ७.६ ची सरासरी राखावी लागेल. चार सत्रांनंतर केला, तर ८.२ ची. सहा सत्रे ६.८ वरच काढून मग जागा झाला, तर शेवटच्या दोन सत्रांत ९.६ मिळवावे लागतील, आणि ते फारच थोड्यांना साधते. निश्चय तोच, ध्येय तेच. केवळ उशिराने त्याची किंमत वाढत गेली.

ही गोष्ट मराठी माध्यमातून शिकून परगावी गेलेल्या मुलांच्या बाबतीत विशेष ध्यानी घ्यावी. पहिल्या सत्रात भाषा नवी, गाव नवे, वसतिगृहाचे जेवण नवे. आकडा अपेक्षेहून खाली येणे स्वाभाविक आहे. त्या वेळी मुलास बोल लावल्याने तो पुढचा निकाल लपवू लागतो, आणि एक-दोन विषय मागे राहिले असतील तर तेही घरी सांगत नाही. मागे राहिलेल्या विषयाचे शून्य सरासरीला ओढतेच, शिवाय असे विषय साचले की पुढील वर्षाचा प्रवेशही अडतो. म्हणून नवे गुण मिळवण्याआधी जुने शून्य पुसणे हे पहिले काम. उत्तरपत्रिकेच्या फेरमूल्यमापनाचा विचार असेल, तर त्याची मुदत थोड्या दिवसांची असते. ती हातची जाऊ देऊ नये.

पालकहो, पाल्य सुट्टीत घरी आला की एका संध्याकाळी वही घेऊन त्याच्याजवळ बसा. विषय, श्रेयांक, श्रेणीगुण आणि गुणाकार असे चार स्तंभ आखा. बेरीज त्यालाच करू द्या. कोणत्या विषयाने आकडा खाली ओढला आणि पुढील सत्रात किती हवे, हे त्याच्या हाताने कागदावर उतरले, म्हणजे तुम्हाला वेगळा उपदेश करावा लागणार नाही. त्या वहीत पुढच्या सात सत्रांसाठी पाने कोरी ठेवा.