चाळिशी लागली की जवळचं दिसत नाही!

बचत गटाची मासिक बैठक होती. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायला मी वही उघडली आणि अक्षरं काही केल्या जुळेनात. वही थोडी लांब धरली, आणखी लांब धरली, शेवटी हातच पुरेना! बायका खो खो हसायला लागल्या. 'ताई, चाळिशी लागली तुम्हाला!'

मीही हसले. तेव्हा मला त्रेचाळिसावं सुरू होतं. दुसऱ्याच दिवशी जाऊन चष्मा करून आणला.

मैत्रिणींनो, आपल्या मराठीची गंमत बघा. वयालाही चाळिशी म्हणायचं आणि त्या वयात लागणाऱ्या चष्म्यालाही चाळिशीच. चष्मेवाले काका मला समजावून सांगत होते, 'ताई, या वयात लांबचं नीट दिसतं, जवळचंच दिसेनासं होतं.' तेव्हा वाटलं, ते फक्त डोळ्यांबद्दलच बोलताहेत. पुढच्या काही महिन्यांत कळलं, ते माझ्या सगळ्या संसाराबद्दलच बोलत होते.

आमचं गाव बार्शी. यांचं स्टेशनरीचं दुकान, घरात सासूबाई, मुलगी शिकायला पुण्याला आणि मुलगा बारावीत. मी बी. ए. झालेली. नोकरी केली नाही, पण गेली बारा-तेरा वर्षं बचत गटांचं काम करते. शाळांमध्ये जाऊन मुलींशी पाळीबद्दल बोलते, आरोग्य शिबिरं भरवते. म्हणजे लोकांना शहाणपण सांगायचं काम माझ्याकडे!

त्या वर्षी महिला दिनाला आम्ही समाजमंदिरात हिमोग्लोबिन तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. आशाताईंबरोबर घरोघर फिरून बायका गोळा केल्या. 'बोटाला नुसतं टोचायचं गं, मुंगी चावल्यासारखं,' असं म्हणत एकेकीला खुर्चीत बसवलं. दुपारी दीड वाजता शेवटची बाई गेली. सिस्टर सामान आवरता आवरता म्हणाल्या, 'ताई, तुमचं राहिलं की.' मी म्हटलं, 'माझं काय, मी ठणठणीत आहे.' त्यांनी ऐकलंच नाही, हात धरून बसवलं.

मशिनवर आकडा आला ८.४.

सिस्टरांनी पुन्हा टोचलं. पुन्हा तेच. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असायला हवं, हे सकाळपासून मीच माइकवरून पंचवीस वेळा सांगितलं होतं!

घरी येताना चालत आले आणि चालता चालता एकेक गोष्ट आठवायला लागली. जिना चढताना धाप लागायची, मी म्हणायचे वजन वाढलंय. केस गळायचे, मी म्हणायचे बोअरचं पाणी बाधतंय. दुपारी अंग गळून जायचं, मी म्हणायचे ऊन आहे. आणि पाळी... ती तर दीड वर्षापासून दहा-दहा दिवस चालत होती. लग्नकार्यात मुद्दाम गडद रंगाची साडी नेसून मी मागच्या रांगेत बसायचे. सासूबाई म्हणायच्या, 'या वयात व्हायचंच.' मीही स्वतःला तेच सांगायचे. शाळेतल्या मुलींना मात्र सांगायचे, 'अंगावर काही काढू नका गं!'

सगळ्यात वाईट होती ती चिडचिड. लेकाने ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून त्याला असं बोलले होते, की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. हे म्हणाले होते, 'हल्ली तुझं काहीतरी बिनसलंय.' त्यावर मी उलट भडकले होते. घरात सगळे माझ्यापासून जरा जपूनच राहायचे आणि मला वाटायचं, यांना माझी किंमतच नाही.

तो आकडा मी घरात चार दिवस कुणाला सांगितला नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. लेकीची परीक्षा, लेकाची बारावी, दुकानात मार्चअखेर. त्यात माझं कुठे मध्येच? शेवटी लेकीचा फोन आला तेव्हा बोलता बोलता तोंडून निघून गेलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, 'आई, तू दुसऱ्यांना जे सांगतेस ते कधीतरी स्वतः ऐकशील का?' आणि तिने फोन ठेवून थेट बाबांनाच लावला.

'पिशवी काढून टाका'

हे दुकान बंद करून दुपारीच घरी आले. काही बोलले नाहीत, फक्त 'चल' म्हणाले. एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मुलं किती? दोन ना? मग पिशवी काढून टाका. कटकट मिटेल.' पुढच्या आठवड्यातली तारीखही सुचवली.

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. आपल्याकडे ओळखीतल्या कितीतरी जणींनी पिशवी काढलेली असते. मी सुद्धा कपाटातून कोणते गाऊन न्यायचे ते काढायला लागले.

रात्री सासूबाई माझ्या खोलीत आल्या. वीस वर्षांत त्या कधी अशा येऊन माझ्या पलंगावर बसल्या नव्हत्या. म्हणाल्या, 'माझी छत्तिसाव्या वर्षी काढली. कुणी काही इचारलं न्हाई, कुणी काही सांगितलं न्हाई. तवापासनं अंगातनं वाफा निघायच्या, झोप न्हाई, कंबर गेली. तुझ्या सासऱ्यांना वाटायचं मी नाटकं करते. तू आधी दुसरीकडं दाखीव गं. लागलंच तर मग बघू.'

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आमचं दोघींचं भांडण नव्हतं, पण फार सूतही नव्हतं. त्यांचं सारखं कंबर धरून बसणं मला कुरकुर वाटायची. चाळीस वर्षं ही बाई हे पोटात घेऊन वावरत होती आणि त्याच घरात राहून मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, थायरॉईड तपासलं, पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवला. एक लहानशी गाठ होती, साधी. अस्तराचा रिपोर्टही चांगला आला. त्यांनी समजावलं, की चाळिशीनंतर पाळी जायच्या आधीची काही वर्षं हार्मोन्स वरखाली होतात, त्याने रक्तस्राव वाढतो. बऱ्याचदा तो औषधाने आटोक्यात येतो. ऑपरेशन हा शेवटचा उपाय, पहिला नाही. आणि पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी एकदम जाते, हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात. मला सासूबाईंची कंबर आठवली.

ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी ऑपरेशन टाळू नये, हेही इथे सांगायला हवं. मोठ्या गाठी, कॅन्सरची शंका, औषधाने न थांबणारा रक्तस्राव, अशा वेळी तेच जीव वाचवतं. पण 'मुलं झाली ना, मग काढून टाका' हे काही कारण होऊ शकत नाही. आमच्यापासून फार लांब नसलेल्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. आकडा वाचून अंगावर काटा आला. त्यातल्या किती जणींना कुणी 'दुसरीकडे दाखव' असं म्हटलं असेल?

ताटात काय, आणि कधी

औषधं सुरू झाली. लोहाच्या गोळ्या आपल्यातल्या पुष्कळ जणी आठवडाभर घेतात आणि सोडतात. मळमळतं, पोट साफ होत नाही, शौचाला काळं होतं म्हणून घाबरतात. काळं होणं हे त्या गोळीचंच असतं, घाबरायचं कारण नाही. फार त्रास झाला तर डॉक्टर गोळी बदलून देतात. हिमोग्लोबिन वर आलं तरी पुढे काही महिने गोळी चालू ठेवावी लागते, तेव्हा कुठे शरीरातला साठा भरतो.

मला मोठा धक्का बसला तो चहाचा! जेवलं की कपभर चहा, ही माझी वीस वर्षांची सवय. डॉक्टर म्हणाले, चहामुळे अन्नातलं आणि गोळीतलं लोह अंगी लागत नाही, मध्ये निदान तासाभराचं अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीबरोबर घ्यायची नाही. उलट लिंबू, आवळा, पेरू असं आंबट जेवणाबरोबर असलं तर लोह चांगलं शोषलं जातं. शेवग्याचा पाला, हळीव, मटकी, बाजरी हे सगळं आपल्याच घरात असतं. आपण ते करतोही, फक्त आपल्या ताटात शेवटी उरत नाही.

खरी गोम इथेच आहे. मी सगळ्यांना गरम भाकरी वाढून मागून एकटी जेवायचे. भाजी संपलेली असली की शेंगाचटणी आणि भाकरी, त्यावर चहा. यात कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. उलट कुणी 'तूही बस' म्हटलं तर 'तुमचं होऊ द्या' असं मीच म्हणायचे. त्यात मला एक मोठेपणा वाटायचा. माझ्या आईनेही तेच केलं, तिच्या आईनेही.

मग ठरवलं, रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र करायचं. भाकरी आधी करून ठेवायच्या आणि भाजीचं पातेलं मधोमध. पहिले आठ दिवस छान गेले. पंधरवड्याने गाडी पुन्हा जुन्या रुळावर! यांना तव्यावरचीच भाकरी लागायची, लेक क्लासहून उशिरा यायचा. एका रात्री पातेल्यात भाजी उरली नाही, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मोठ्याने म्हटलं, 'मला आजारी पडायचं नाहीये.' सगळे गप्प. मग लेक उठला आणि त्याला येतं तेवढं एकच, म्हणजे अंड्याचं ऑम्लेट, करून माझ्या ताटात वाढलं. जरा करपलं होतं. पण त्या दिवसापासून वाढून घ्यायच्या आधी प्रत्येक जण पातेल्यात बघायला लागला. घर काही एका रात्रीत बदललं नाही, अजूनही अधूनमधून आठवण करून द्यावी लागते. पण मागायला शिकले, हेच माझ्यासाठी खूप झालं.

सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६ झालं. बारा अजूनही नाही! पण जिना चढताना धाप लागत नाही, आणि टॉवेल अजूनही पलंगावरच असतो पण माझा आवाज तेवढा चढत नाही. स्वभाव बिघडला असं जे सगळ्यांना आणि मलाही वाटत होतं, त्यात रक्त कमी असण्याचा वाटा केवढा होता!

ही एकट्या माझी गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणजे हळदीकुंकवाला जमलेल्या आपल्यातल्या निम्म्याहून जास्त.

वाढदिवसाचा महिना

आमच्या गटात आता एक नियम केला आहे. वहीत प्रत्येकीच्या नावापुढे तिचा वाढदिवसाचा महिना लिहिला. ज्यांना जन्मतारीख माहीत नाही त्यांनी संक्रांत, दिवाळी असा आवडता सण लिहिला. त्या महिन्यात हप्ता भरायला येताना तपासणी झाली का, ते सांगायचं. एकटीला जायला लाज वाटत असेल तर गटातली दुसरी सोबत जाते.

चाळिशीनंतर एवढं तरी करा :

* वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखर. थायरॉईड डॉक्टरांच्या सल्ल्याने.
* महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी स्तन हाताने तपासून बघा. गाठ, आत ओढलेली त्वचा, बोंडातून स्राव असं काही दिसलं तर वाट बघू नका.
* गर्भाशयाच्या मुखाची तपासणी जरूर करून घ्या. सरकारी कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्या बायकांसाठी ती असते. पाच मिनिटांचं काम, दुखत नाही.
* सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं समजतात. त्यानंतर एक थेंब जरी दिसला तरी ताबडतोब डॉक्टरांकडे जा.
* उगाच रडू येणं, झोप न लागणं, कशातच मन न रमणं हे पंधरा दिवसांहून जास्त चाललं तर तोही आजारच समजा. सरकारच्या टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर मोफत बोलता येतं.

आणि हो, यातलं काही निघालं तर घरात चार दिवस लपवून ठेवू नका. माझे ते चार दिवस उगाच वाया गेले.

मागच्या महिन्यात मी तपासणीला निघाले होते. पर्समध्ये चष्मा टाकला, जुने रिपोर्ट घेतले. सासूबाई ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, 'माझं बी बघतील का गं तिथं? हाडांचं?'

मी चपला काढून परत आत आले. म्हटलं, 'आई, साडी बदला. दोघी मिळून जाऊ.'