स्वस्त विजेची जुनी पेटी काढताना

धान्य कणगीत भरून ठेवता येते, पाणी हौदात साठवता येते. वीज मात्र मोठ्या प्रमाणावर साठवणे फार कठीण. ती ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी कोठेतरी खर्ची पडावी लागते. या एका अडचणीतून ब्रिटनमधील लाखो घरांच्या भिंतींवर एक जादा पेटी कशी आली आणि आता ती उतरवताना कोणती काळजी घ्यावी लागते, हे आम्ही येथे सांगणार आहोत. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे त्या देशात राहतात. त्यांच्या भाड्याच्या किंवा नव्याने घेतलेल्या जुन्या घरात ही पेटी असण्याचा संभव आहे.

कोळशावर किंवा अणुशक्तीवर चालणारे मोठे वीजकेंद्र रात्री विझवून पहाटे पुन्हा पेटवणे सोयीचे नसते. रात्री लोक झोपतात, मागणी उतरते, पण यंत्रे चालूच ठेवावी लागतात. तेव्हा ही रात्रीची वीज कमी दराने विकावी, अशी युक्ती निघाली. ब्रिटनमध्ये १९७८ साली सुरू झालेली ‘इकॉनॉमी सेव्हन’ ही योजना याच जातीची. रात्रीचे सात तास स्वस्त, उरलेले सतरा तास महाग. तेथील थंडी कडाक्याची. म्हणून घरोघर ‘स्टोरेज हीटर’ बसले. या हीटरच्या पोटात जड विटा असतात. त्या रात्रभर तापतात आणि दिवसभर हळूहळू ऊब सोडतात. वीज साठवता आली नाही, तरी उष्णता साठवता आली!

आता रात्र कधी झाली हे मीटरला कळावे कसे? आरंभी त्यासाठी मीटरशेजारी एक घड्याळ बसवीत. ते ठरल्या वेळी स्विच ओढी आणि मीटर दिवसाच्या आकड्यावरून रात्रीच्या आकड्यावर जाई. परंतु घड्याळ म्हटले की ते मागेपुढे होणारच. पुढे १९८० नंतरच्या दशकात रेडिओने चालणारा स्विच आला. बीबीसीच्या दीर्घलहरी प्रक्षेपणात, १९८ किलोहर्ट्झवर, श्रोत्याच्या कानाला न कळणारा एक संकेत मिसळलेला असे. ड्रॉइटविच आणि स्कॉटलंडमधील दोन केंद्रांवरून तो निघे आणि घराघरातील पेटी त्याची आज्ञा पाळी.

ही प्रक्षेपणयंत्रणा जुनी झाली. तिचे सुटे भागही दुर्मीळ झाले. म्हणून ३० जून २०२५ पासून ही संकेतसेवा टप्प्याटप्प्याने बंद करण्यास प्रारंभ झाला. त्या वेळीही काही लाख घरांतील पेट्या बदलायच्या राहिल्या होत्या. आज्ञा देणारा गप्प झाल्यावर नोकर काय करील? हीटर अखंड चालू राहील, किंवा मुळीच लागणार नाही, किंवा भलत्या वेळी, महाग दराने तापेल, असा इशारा तेथील वीजनियामक संस्थेने दिला होता. थंडीत एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसाच्या दृष्टीने यांतील प्रत्येक गोष्ट गंभीर आहे.

पेटी काढण्याआधी एक हिशेब करावा. आता घरात गॅसचे तापन आले असेल आणि दुहेरी दर तसाच चालू असेल, तर गृहस्थ दिवसाच्या प्रत्येक युनिटला जादा पैसे मोजत असतो. समजा, दिवसाचा दर ३० पेन्स, रात्रीचा १५ आणि एकेरी दर २५ आहे. या आकड्यांनी पाहिल्यास एकूण विजेचा किमान एक तृतीयांश भाग रात्री वापरला तरच दुहेरी दर परवडतो. त्याहून कमी वापर असेल, तर पेटीची पाठवणी करणे शहाणपणाचे.

परंतु पाठवणी कोणी करायची? येथे मालकी नीट ध्यानात घ्यावी. रस्त्यावरून आलेली तार आणि तिचा मुख्य फ्यूज वितरण कंपनीचा. मीटर आणि तो वेळेचा स्विच वीज विकणाऱ्या कंपनीच्या ताब्यातला. त्यांवर सील असते. मीटरपलीकडच्या तारा व फ्यूजबोर्ड तेवढे घरमालकाचे. सील तोडणे घरमालकाच्याच नव्हे, तर त्याने बोलावलेल्या वायरमनच्याही अधिकारात नाही. उलट कंपनीचा माणूस घरातील तारांना सहसा हात लावीत नाही. या दोघांच्या मधल्या फटीत गृहस्थ सापडतो. मीटर बदलले, पण हीटरची आणि पाण्याच्या टाकीची तार तशीच लोंबत राहिली, तर गरम पाणी बंद! म्हणून दोघांनाही आधी सांगून एकाच दिवशी बोलवावे, हे उत्तम.

सर्वांत मोठा धोका आता सांगतो. अशा घरांत पुष्कळदा दोन फ्यूजबोर्ड असतात. एक चोवीस तास जिवंत असतो, दुसरा फक्त रात्री. दुपारी बाराला टेस्टर लावला तर दुसऱ्या बोर्डाची तार निर्जीव दिसते. उतावळा माणूस ती ‘मेलेली’ समजून उघडी सोडतो. मध्यरात्री स्विच पडतो आणि तीच तार जिवंत होते. तेव्हा दिवसाच्या तपासणीवर कधीही विसंबू नये. तो बोर्ड त्याच्या स्वतःच्या मुख्य स्विचने तोडावा, फ्यूज काढून घ्यावेत, आणि त्या तारा काढून टाकण्याचे अथवा दुसऱ्या बोर्डाला जोडण्याचे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे.

आणखी दोन गोष्टी. जुन्या बोर्डांत आणि जुन्या हीटरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते; म्हणून संशय असेल तेथे भोक पाडू नये, काही फोडू नये, तज्ज्ञाला दाखवावे. हीटर तर शंभर किलोंहूनही जड असू शकतो. वीज कायमची तोडून तो पुरता थंड होऊ द्यावा आणि विटा एकेक करून बाहेर काढाव्यात. शेवटी, जुने मीटर जाण्यापूर्वी दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन्ही आकडे टिपून त्यांचे छायाचित्र घ्यावे. पुढे बिलाचा वाद निघाला, तर हाच पुरावा.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे काय? भारत सरकारने २०२३ साली केलेल्या नियमदुरुस्तीने वेळेनुसार वीजदराचे तत्त्व शेतीखेरीज इतर ग्राहकांपर्यंतही आणले आणि त्यासाठी १ एप्रिल २०२५ ही मुदत घातली. स्मार्ट मीटर बसले की ते लागू व्हावयाचे. फरक एवढाच की आपल्याकडे स्वस्ताई रात्रीची नव्हे, उन्हाच्या तासांची आहे, कारण आता सूर्यच वीज देऊ लागला आहे. स्वस्त वेळ कोणती हे वीज कशापासून होते यावर ठरते आणि ते बदलत राहते. तेव्हा आपल्या भिंतीवरचे मीटर कोणत्या वेळेला काय दर लावते, हे प्रत्येक गृहस्थाने एकदा बिल हाती घेऊन पाहावे. त्याला हत्यार लागत नाही आणि सीलही तोडावे लागत नाही.