तान्ह्या मुलांचें क्रीम व त्यांतील परिरक्षक

लहान मुलांसाठीं विकल्या जाणाऱ्या क्रीमच्या कित्येक बाटल्यांवर "परिरक्षकरहित" अशीं ठळक अक्षरें छापलेलीं आढळतात, आणि तीं वाचून माता निश्चिंत होतात. ही निश्चिंतता कितपत साधार आहे, याचा थोडा विचार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पदार्थ नासूं नये म्हणून त्यांत जें द्रव्य घालितात त्यास परिरक्षक म्हणतात. त्याची गरज मुख्यतः पाण्यामुळें उत्पन्न होते. शुद्ध खोबरेल तेलांत पाणी नसल्यानें जंतूंस तेथें वाढतां येत नाहीं. आपल्या घरोघरीं तेलाची वाटी परिरक्षकावांचून चालत आली ती याचमुळें. परंतु क्रीम किंवा लोशन म्हणजे बहुधा पाणी व तेल यांचें मिश्रण. त्यांत स्यूडोमोनास जातीचे जंतु आणि बुरशी यांस उत्तम आसरा मिळतो, आणि डोळ्यांस अगर नाकास त्यांचा सुगावा लागेपर्यंत त्यांची संख्या अफाट झालेली असूं शकते. घरीं कोरफडीचा गर व तेल घोटून क्रीम करणाऱ्या कांहीं भगिनी त्यांत ई जीवनसत्त्व घालून निर्धास्त राहतात. तें तेलास लवकर खवट होऊं देत नाहीं, इतकेंच; जंतूंपुढें त्याचें कांहीं चालत नाहीं.

तर मग परिरक्षक हवें. पण कोणतें व किती? वजनाच्या मानानें तान्ह्या मुलाच्या त्वचेचें क्षेत्र प्रौढाच्या दुपटीहून अधिक असतें, आणि लंगोटाखालील त्वचा ओली व झांकलेली राहिल्यानें तेथून द्रव्यें अधिक शोषलीं जातात. १९७२ सालीं फ्रान्समध्यें मोरांज नांवाच्या बालपावडरींत हेक्झाक्लोरोफीन हें जंतुनाशक चुकीनें सुमारें ६ टक्के मिसळलें गेलें. २०० हून अधिक मुलें आजारी पडलीं व ३६ दगावलीं. हें विष त्यांच्या शरीरांत शिरलें तें त्वचेवाटें.

पॅराबेन वर्गांतील सर्व द्रव्यें एकाच मापानें मोजणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. युरोपीय संघानें २०१४ सालच्या नियमानें प्रोपिल व ब्यूटिल पॅराबेन हीं तीन वर्षांखालील मुलांच्या लंगोटाच्या जागीं लावून ठेवावयाच्या पदार्थांत वर्ज्य केलीं; मिथिल पॅराबेन ठराविक प्रमाणांत चालूं दिलें. पॅराबेनची धास्ती पसरल्यावर कित्येक कारखानदार मिथिलआयसोथायाझोलिनोनकडे वळले, आणि ओल्या वाइप्समुळें मुलांच्या अंगावर पुरळ उठल्याच्या तक्रारी येऊं लागल्या. आगींतून निघून फुफाट्यांत पडावें तसें झालें! अंगावर राहणाऱ्या पदार्थांत हें द्रव्य घालण्यास युरोपांत २०१७ पासून मनाई आहे. ज्या क्रीमवर हें नांव दिसेल तें मुलासाठीं घेऊंच नये.

सोडियम बेंझोएट व पोटॅशियम सॉर्बेट हीं खाद्यपदार्थांतही वापरतात व सौम्य आहेत. मात्र मिश्रण किंचित् आम्ल असेल तरच तीं काम करितात. फिनॉक्सिइथेनॉल युरोपांत १ टक्क्यापर्यंत चालतें. फ्रान्सच्या औषध नियामकांनीं २०१२ सालीं तें लंगोटाच्या जागीं नको असें सुचविलें होतें. पुढें २०१६ सालीं युरोपीय शास्त्रज्ञ समितीनें तें मुलांसही निर्धोक ठरविलें. आमच्या मतें लंगोटाच्या जागीं पाणी नसलेलें साधें झिंक ऑक्साइडचें मलम असतां हा वाद ओढवून घेण्याचें कारण नाहीं.

रुंद तोंडाच्या डबीपेक्षां नळी बरी. ओलीं बोटें डबींत वारंवार गेलीं कीं चांगल्या परिरक्षकाचेंही बळ सरतें. मातेनें स्वतःच्या हातांस लावावयाचें क्रीमही असेंच पारखून घ्यावें, कारण मूल तिचीं बोटें चोखतें.