बारला लटका, पण पाय टेकवून

नवी मुंबईत नेरूळ, वाशी, ऐरोलीच्या उद्यानांतल्या ओपन जिममध्ये सकाळी गर्दी असते ती पायाने फिरवायच्या यंत्रांवर. बाजूचा सिंगल बार म्हणजे पुलअप्स मारणाऱ्या पोरांचं काम, असं समजून चाळिशीपुढची माणसं तिकडे फिरकत नाहीत. त्या बारची गरज खरी त्यांनाच आहे.

महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत दिवसभर संगणकासमोर बसायचं, लोकलमध्ये मोबाइलवर मान घालायची. यात हात डोक्याच्या वर जातातच कुठे? छातीचे स्नायू आखडतात, खांदे पुढे झुकतात, पाठ वरच्या बाजूला ताठरते. मणक्यांमधल्या गादीतलं पाणीही दिवसभराच्या भाराने थोडं कमी होतं. संध्याकाळी माणसाची उंची सकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटरने कमी भरते ती मुख्यतः त्यामुळेच. रात्री झोपेत ती भरून निघते. बारला लटकल्यावर हा भार तेवढ्यापुरता हलका होतो. मुलांची उंची मात्र त्याने कायमची वाढत नाही.

भार किती घ्यायचा, हे पायांवर सोपवता येतं. बार दोन्ही हातांनी खांद्यांपेक्षा किंचित जास्त अंतरावर धरा, अंगठ्यांचा विळखा घाला. तळपाय जमिनीवर ठेवूनच गुडघे हळूहळू वाकवा. काखेपासून कमरेपर्यंत ताण जाणवला की थांबा. श्वास रोखू नका. दहा-पंधरा सेकंद पुरे. मग पायांवर जोर देऊन उभे राहा. हात सोडून धपकन उडी मारू नये.

पुण्यात १९७५ साली सुरू झालेल्या रमामणी अय्यंगार योग संस्थेत बी. के. एस. अय्यंगारांनी भिंतीतले दोर आणि खिडकीचे गजही आसनांसाठी वापरले. शरीर आखडलेल्या, वयस्क माणसालाही आसन जमावं, हा त्यामागचा विचार. त्याच धर्तीवर, कमरेच्या उंचीचा पक्का कठडा असेल, तर तो धरून मागे सरका आणि कमरेतून वाका. हात, पाठ एका रेषेत आणा. मांड्या मागून ओढल्या तर गुडघे खुशाल वाकवा. घरातल्या गंजक्या ग्रिलवर मात्र भरवसा नको.

खांदा कधी निखळला असेल, फ्रोझन शोल्डर असेल, हाताला मुंग्या येत असतील किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारा.

महापालिकेला एक विनंती: पुढच्या ओपन जिममध्ये उंच बारशेजारी कमरेएवढा दुसरा बारही बसवा. ज्येष्ठांना तोच लागतो.